बाळाराम मास्तरांचा आवाज

शेकाच्या खोलीच्या दारात जमिनीवर एक पिवळा पट्टा मारलेला असतो. नातेवाइकांनी अलीकडे थांबायचं, पेशंटने पलीकडे जायचं, एवढाच त्याचा अर्थ. कॅन्सरवर किरणांचा शेक देणारं मशीन मी चालवते. इतक्या वर्षांत किती पायांनी तो पट्टा ओलांडला असेल देव जाणे! पण वाकून त्याला हात लावणारा, तो हात कपाळाला टेकवणारा आणि मग मांडीवर सणसणीत थाप मारून आत जाणारा माणूस मी एकच बघितला. पहिल्या दिवशी ती थाप ऐकून आमचा वॉर्डबॉय हातातली फवारणीची बाटली टाकून पळाला होता. त्याला वाटलं, आत काहीतरी फुटलं.

ते बाळाराम मास्तर. पळसदरीचे.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत हो, कबड्डीचे. आमच्या कर्जत-खालापुरात कबड्डीचा मास्तर म्हणजे काय असतं, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. सरपंच बदलतात, मास्तर बदलत नाही. खोपोलीच्या एका कारखान्यात त्यांनी उभी हयात नोकरी केली, पण ती त्यांच्या लेखी सकाळच्या आणि संध्याकाळच्या सरावाच्या मधे आलेली अडचण. गावातल्या दोन पिढ्या त्यांच्या शिव्या खात वाढल्या. लग्नात मास्तर अक्षता टाकायला समोर आले, की नवरदेव आधी पोट आत घ्यायचा.

आणि आवाज! मैदानावर ओरडले तर स्टेशनात उभ्या असलेल्या माणसाने मागे वळून बघावं, असा. धरणाच्या एका काठाला त्यांचं भाताचं शेत, समोरच्या काठाला घर. जेवणाची वेळ झाली की मास्तर बांधावर उभे राहून एकच हाक द्यायचे, “पारूऽऽ!” ती हाक पाण्यावरून घरात पोचायची आणि पारूकाकू भाकरी तव्यावर टाकायच्या. मास्तर काठाने वळसा घालून घरी येईपर्यंत भाकरी ताटात. मोबाइल आला, तरी या पद्धतीत बदल झाला नाही. मास्तरांचं म्हणणं, बायकोला हाक मारायला यंत्र कशाला लागतंय?

हाच आवाज बसला. दिवाळीपासून घोगरा येत होता. सगळे म्हणाले, ओरडून ओरडून बसला असेल. मास्तरही तेच म्हणाले. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं, कुणाच्या तरी आत्तेचा काढा झाला. शेवटी मुंबईला दाखवायचं ठरलं आणि तेवढ्यात टाळेबंदी आली. गाड्या बंद, दवाखाने अर्धे बंद. त्यात मास्तर खोकले की शेजारचा आपली खिडकी लावून घ्यायचा. ज्या गावाने त्यांच्या आवाजावर घड्याळं लावली, तेच गाव त्यांचा खोकला ऐकून लांब पळायला लागलं. याचा मला आजही राग येतो. मास्तरांना आला नाही. ते म्हणाले, बचाव करणाऱ्यानं मागंच सरकायचं असतं, त्यांचं काय चुकलं?

आमच्या इस्पितळात ते पोचले तेव्हा स्वरयंत्रावर गाठ होती. लहान होती, पण होती. आमचं इस्पितळ पनवेलच्या पुढे. तिथे त्या दिवसांत काय चाललं होतं ते काय सांगू! निम्मा स्टाफ घरी, निम्मा कामावर. एक पेशंट उठला की सगळं टेबल पुसायचं, मग दुसरा. बाकांवर एक सोडून एक फुली. डॉक्टर रोज सकाळी बसून ठरवायचे, कुणाला थोडं थांबवता येईल आणि कुणाला अजिबात नाही. थांबवायचं म्हणजे कॅन्सरला सांगायचं, बाबा रे, जरा दम धर, बाहेर साथ आहे. तो ऐकतोय थोडाच!

मास्तर ‘अजिबात नाही’मध्ये आले. आमच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना स्वच्छ सांगितलं. ऑपरेशन केलं तर आवाज जाण्याची भीती. शेक दिला तर गाठही जाईल आणि आवाजही बहुतेक वाचेल. पण शेक रोज घ्यायचा, शनिवार-रविवार सोडून, मधे खंड पडता कामा नये. खंड पडला की आतल्या मोडलेल्या पेशी पुन्हा उभ्या राहतात. आणि तोवर ओरडणं बंद, बोलणं कामापुरतं, तेही हळू.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, “म्हंजे रोज जायचं, हात लावायचा आन् परत यायचं. मधी दम तोडायचा नाय. असंच ना?”

डॉक्टरीणबाई मूळच्या नागपूरच्या, त्यांना काही कळेना. मी कर्जतची. मी मागून म्हटलं, “अगदी असंच, मास्तर. चढाईच आहे ही.” त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं आणि त्या दिवसापासून मी त्यांची झाले. मॅडम वगैरे नाहीच. सुजाताची मी सुजी झाले. सगळ्या स्टाफसमोर, “सुजे, चल गं, उशीर व्हतोय.”

रोज यायचं कसं, हा प्रश्न तर पुढेच उभा. लोकल साध्या माणसाला बंद. तेव्हा धावून आला इरफान. कर्जतचा. पूर्वी मास्तरांच्या संघात कोपऱ्यावर खेळायचा, आता व्हॅनमधून दुकानांना अंडी पोचवायचा. अंडी जीवनावश्यक, म्हणून त्याच्या व्हॅनला पास. त्याने मागच्या जाळ्या काढल्या, बाकडी टाकली, नाक्यावरच्या पोलीस साहेबांची रीतसर परवानगी घेतली आणि पळसदरीहून मास्तर, कर्जतहून मी, मोहोपाड्याच्या फाट्यावरून आमच्याच आणखी एक पेशंट सकीनाखाला, अशी आमची वरात निघायला लागली. व्हॅनला अंड्यांचा वास कायमचा. पावसात काचा बंद केल्या की विचारू नका. मास्तर म्हणायचे, वास येतोय म्हंजे कोरोना झाला नाय, आनंद माना!

आता जाळीची गोष्ट.

गळ्याला शेक द्यायचा तर मान एक तसूभरही हलून चालत नाही. म्हणून प्रत्येकाच्या चेहऱ्याचा एक साचा करतात. प्लॅस्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करायची, पेशंटच्या चेहऱ्यावरून खांद्यापर्यंत ताणून बसवायची. ती थंड होऊन कडक होते. मग रोज तोच साचा तोंडावर चढवून टेबलाला खटाखट अडकवायचा. साच्यात अडकलं की माणूस हलू शकत नाही. चांगले चांगले लोक घाबरतात त्याला.

मास्तर तर भलतेच घाबरले. एवढा मोठा आडदांड गडी, मी शेवटचा खटका अडकवला आणि त्यांनी दोन्ही हातांनी टेबल धरून असा काही जोर लावला की टेबल करकरलं. मी धावत आत. साचा काढला तर घामाने निथळत होते. लाजही वाटत होती. म्हणाले, सात सात जणांनी धरलं तरी मी सुटलेलो माणूस, अंगाला पकड लागली की अंग आपोआप सुटायला बघतं, मी काय करू?

मी मुळातच तापट. त्यात अंगावर साथीमुळे चढवलेला तो प्लॅस्टिकचा पीपीई किट, आत घामाची आंघोळ, बाहेर पुढचे पेशंट खोळंबलेले. पण त्यांचा चेहरा बघून माझा राग कुठल्या कुठे गेला. मी म्हटलं, “मास्तर, इथला नियम उलटा आहे. इथे जो पकडीत राहील तो जिंकला. सुटला तो बाद.”

त्यांनी तोंडावरचा घाम पुसला. मग बोटाने खूण केली, चढव. आणि त्यानंतर त्या माणसाची पापणीसुद्धा हलली नाही. रोज बाहेर आले की पट्ट्याला परत हात लावायचे आणि मला बोट दाखवायचे, एक गुण.

त्यांची आणखी एक गंमत. त्या किटमध्ये आम्ही सगळ्या सारख्याच दिसायचो. आईने ओळखलं नसतं. मास्तर मात्र अचूक नाव घ्यायचे. कसं, तर पायांवरून. “चढाईवाल्याचे डोळे खोटं बोलतात, पाय नाय बोलत,” हे त्यांचं आवडतं वाक्य. माझ्याबद्दल त्यांचं मत, सुजी चालत नाय, भांडायला निघाल्यागत निघते. सगळ्या खात्याने ते उचललं. अजून ऐकवतात.

बोलायला बंदी, म्हणून मास्तरांनी शिट्टी काढली. पंचाची, गळ्यात दोरीला बांधलेली. एक लांब म्हणजे चला, दोन आखूड म्हणजे नाही. इस्पितळात दुसऱ्याच दिवशी जप्त झाली, कारण साथीच्या दिवसांत शिट्टी फुंकणं म्हणजे सगळ्यांच्या तोंडावर थुंकणंच. पण गाडीत त्यांच्याकडे दुसरी होती. कुठून आणायचे कोण जाणे.

त्या शिट्टीचा पराक्रम सांगते. सकीनाखाला मधेच यायच्या थांबल्या. बाई अबोल, नवरा गेलेला, मुलगा आखातात अडकलेला. मोहोपाड्याच्या कॉलनीत कुणीतरी कुजबुज सुरू केली, ही रोज इस्पितळात जाते, एक दिवस सगळ्यांना रोग आणून देणार. खालांनी दार लावून घेतलं ते घेतलंच. फोन केला तर म्हणाल्या, साथ गेली की येईन, आता नको, लोकांना त्रास नको. अशी माणसं त्या दिवसांत आम्ही रोज गमावत होतो. बाकांवरच्या फुली नसलेल्या जागाही रिकाम्या दिसायच्या.

मी फाट्यावर हे सांगितलं तर मास्तरांनी इरफानला हाताने खूण केली, वळव गाडी. इरफान म्हणाला, उशीर होईल. मास्तरांनी दोन आखूड शिट्ट्या मारल्या, त्याही गाडीच्या आत, कान बधिर झाले आमचे. गाडी वळली.

कॉलनीच्या आवारात उतरून मास्तर मधोमध उभे राहिले. जटा वाढलेल्या, दाढी छातीपर्यंत यायच्या बेतात, कारण गावात न्हाव्याचं दुकान टाळेबंदीपासून बंद. तोंडाला मुसकं. त्यांनी श्वास घेतला आणि शिट्टी फुंकली. फुंकली म्हणजे किती! सगळ्या बाल्कन्या भरल्या. बरोबर खालांच्या वरच्या मजल्यावर आमचे मोहिते साहेब राहायचे. ते आमच्या खात्यातले हिशेबाचे माणूस, म्हणजे शेकाचा किरण कुठून, किती, कसा सोडायचा हे कॉम्प्युटरवर आखणारे. खालांना आमच्याकडे पाठवलं होतं तेही त्यांनीच. तेही टॉवेल गुंडाळून बाल्कनीत. आणि शेवटी खाला आल्या. मास्तरांनी त्यांना काही सांगितलं नाही, ओरडता येत नव्हतंच. नुसती गाडीकडे बोट दाखवून मांडीवर एक थाप मारली आणि वाट बघत उभे राहिले. पाऊस येत होता. ते हलले नाहीत.

खाला खाली आल्या. तेव्हा मास्तर एवढंच बोलले, “अर्ध्यात बसला तर गुण समोरच्यांना जातो, ताई. चला.” आणि वर बाल्कन्यांकडे बघून हात जोडले. त्यानंतर कॉलनीतलं कुणी ब्र काढल्याचं ऐकलं नाही. मोहिते साहेबांनीही वरून दोन शब्द सुनावले असावेत.

इथवर सगळं कसं झकास चाललं होतं! मास्तरांचा शेक निम्म्याच्या पुढे गेला होता. गिळताना त्रास व्हायचा, भाकरी सुटली होती, पेज चालली होती, पण मांडीवरची थाप तशीच. आणि मग सरकारने केशकर्तनालयं उघडली.

रविवारपासून उघडली. फक्त केस कापायचे, दाढीला परवानगी नाही, असा हुकूम. पळसदरीचा नरेश न्हावी मास्तरांचा जुना खेळाडू. त्याने ठरवलेलंच होतं, दुकान उघडलं की पहिलं गिऱ्हाईक मास्तर. सकाळी स्वतः बोलवायला गेला, नारळ फोडला, मास्तरांना खुर्चीत बसवलं. आता मास्तरांना नाही कोण म्हणणार, आणि मास्तर खुर्चीत बसल्यावर नुसते केस कापून कोण थांबणार?

सोमवारी सकाळी मी कर्जतच्या नाक्यावर व्हॅनचं दार उघडलं आणि आत बघितलं तर एक गुळगुळीत, गोरागोमटा, ओळखू न येणारा गृहस्थ मुसकं हनुवटीखाली ओढून माझ्याकडे बघून हसत होता. डोक्याचा बारीक कट. गाल चकचकीत. मिशीला पीळ. आणि हनुवटीच्या खाली, मानेवर, तेवढं रान तसंच!

“मास्तर!” मी किंचाळलेच.

त्यांना वाटलं, कौतुकाने. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मी दारातच सुरू झाले. मी पहिल्याच दिवशी सांगितलं नव्हतं का, शेक संपेपर्यंत केसाला हात लावायचा नाही, दाढीला नाही, डोक्याला नाही! साचा या दाढीवर केलाय! मास्तर शांतपणे म्हणाले, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं मानेला वस्तरा लावू नका. मान सोडली की. नऱ्याला बजावून सोडायला लावली. आणि त्यांनी गळा वर करून मला ते रान दाखवलं. इरफान स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसायला लागला. मी त्यालाही झाडलं. चौक गाव येईपर्यंत मी बोलत होते, असं तो नंतर सांगत असे.

साचा चढवला आणि माझंच खरं ठरलं. जाळी आणि गाल यांच्यामध्ये माझं बोट आरामात जात होतं. हनुवटी हलत होती. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी बघितलं आणि मान हलवली. या साच्यावर शेक नाही. नवा साचा, नवं स्कॅन, नवी आखणी. एरवी आठवड्याचं काम. आणि मोहिते साहेब? ते आदल्याच आठवड्यात कोरोनाच्या तपासणीत सापडून घरी बंद. त्रास काही नव्हता, पण बाहेर पडायचं नाही.

तेव्हा मास्तरांना कळलं. तोवर त्यांना वाटत होतं, मी नेहमीसारखी ओरडतेय. ते बाहेर येऊन फुली नसलेल्या बाकावर बसले. बाहेर येताना पट्ट्याला हात लावला नव्हता. गुण नाही ना मिळाला. मग मला जवळ बोलावलं आणि विचारलं, “सुजे, दाढी किती दिसांत वाढंल गं तेवढी?”

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. किटच्या आत डोळेही पुसता येत नाहीत. मी म्हटलं, मास्तर, दाढीचं राहू दे, तुम्ही आज इथून हलायचं नाही. ते म्हणाले, आपल्याच चुकीनं रेषेबाहेर पाय गेला तर पंचाला बोलून काय उपयोग. आणि मग, अगदी हळू, “पारूला हाक मारायची व्हती गं परत. येवढंच.”

त्या एवढ्यासाठी आम्ही काय धावलो! त्याच दुपारी नवा साचा केला, त्या गुळगुळीत गालांवर. स्कॅन झालं. डॉक्टरीणबाईंनी मोहिते साहेबांना घरी फोन लावला. साहेब म्हणाले, पाठवा, मी इथून आखतो, मला तरी दुसरं काय काम आहे. इस्पितळाच्या कॉम्प्युटरला घरून लॅपटॉप जोडून त्यांनी काम सुरू केलं. मंगळवारी दुपारी आखणी निम्म्यावर आली आणि त्यांचा मला फोन. मोहोपाड्यात पावसाने वीज गेली होती. लॅपटॉप शेवटच्या घटका मोजत होता आणि मोबाइलही. वीज येणार कधी, तर कुणाला माहीत नाही.

मी फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. खाला! त्या दुपारच्या फेरीने घरी पोचलेल्या होत्या. मी त्यांना फोन लावला. विचारलं, तुमच्याकडे इन्व्हर्टर आहे ना? होता. मुलाने आखातातून पैसे पाठवून बसवून दिलेला. मी कशासाठी ते सांगितलं. त्या अबोल बाईने एकच प्रश्न विचारला, “मास्तरांसाठी ना?” आणि फोन ठेवला.

पुढचं मोहिते साहेबांच्या तोंडून ऐकलेलं. खालांनी लांब वायर काढली, तिचं टोक कपडे वाळत घालायच्या काठीला बांधलं आणि खालच्या खिडकीतून वर चढवलं. दाराने वर जायला बंदी ना! साहेबांनी बाल्कनीतून ते ओढून घेतलं. ज्या बाल्कन्यांतून पूर्वी कुजबुज झाली, त्यांतूनच आता बायका सूचना करत होत्या, डावीकडे घे, अजून वर, लागली लागली! लॅपटॉप सुरू झाला. अंधार पडायच्या आत आखणी पुरी झाली.

बुधवारी मास्तर आले. वाकून पिवळ्या पट्ट्याला हात लावला, कपाळाला टेकवला आणि तसेच आत निघाले. मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, “मांडी?” त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग अशी थाप मारली की बाहेर बसलेल्या सगळ्या पेशंटांनी टाळ्या वाजवल्या. साचा अगदी चोपून बसला. बुडालेले शेक आम्ही पुढे शनिवारी देऊन भरून काढले. शनिवारी कोण येणार, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा माझा हात सगळ्यांत आधी वर होता. आणि नरेश न्हावी? त्याने महिनाभर मास्तरांच्या समोरून जायचं टाळलं. मास्तरांनी शेवटी त्यालाच निरोप धाडला, मान राहिलीय, ती शेक संपल्यावर तूच करायची.

शेक संपला तरी निकाल लगेच कळत नाही. गळा आतून भाजल्यासारखा झालेला, आवाज तर अजूनच खाली गेलेला. काही महिने वाट बघायची आणि बोलायचं नाही. मास्तरांनी ते पाळलं. अर्धवट काही त्यांना जमतच नसे. पारूकाकू तपासणीला बरोबर यायच्या तेव्हा सुरुवातीला थट्टा करायच्या, लग्न झाल्यापासनं पहिल्यांदा माझं बोलणं पुरं ऐकून घेतात, शेक गुणाचा हाय. पुढे पुढे थट्टा थांबली. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “दुपारी तवा तापत ठेवते गं आन् कान तिकडं. हाक येत नाय. मग आपलंच आपण समजायचं, आता आले असतील.”

भात कापून झाला होता तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घालून बघितलं. गाठीचा मागमूस नव्हता. त्यांनी परवानगी दिली, आता बोला, हळूहळू वाढवा. मास्तरांनी तिथे तोंडातून शब्द काढला नाही. नुसते हात जोडले. मला वाटलं, आनंदाने सुचत नसेल काही. आणि मला म्हणाले, तेही खुणेनेच, रविवारी ये.

मी गेले. त्यानंतर माझं नाशिकला जाणं झालं, लग्न, दुसरं इस्पितळ, आणि मास्तर पुन्हा भेटले नाहीत, फोनवर तेवढे असतात. तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर मास्तर आहेत ते त्या रविवारचेच. इरफानने मला परस्पर शेतावर नेलं. मास्तर बांधावर उभे होते, गाल चकचकीत, मिशीला पीळ. आजूबाजूला निम्मा संघ, नरेशही, पाठीमागे लपल्यासारखा. धरणाचं पाणी शांत, समोरच्या काठाला घराचं कौलारू छप्पर आणि त्यातून निघणारा चुलीचा धूर.

मास्तर पुढे झाले. वाकून बांधाच्या मातीला हात लावला, कपाळाला टेकवला. मांडीवर थाप मारली. मग छाती भरून श्वास घेतला आणि हाक मारली.

“पारूऽऽ!”

पहिल्यासारखी नव्हती, खोटं कशाला सांगू. मधेच चिरकली, शेवटाला घोगरी झाली, आणि स्टेशनात ती कुणाला ऐकू गेली नसणार. पण पाण्यावरून ती गेली. पलीकडे काहीच हलेना. मास्तर तसेच, मान पुढे काढून. माझी बोटं मी इरफानच्या खांद्यात रुतवली होती, हे त्याने नंतर सांगितलं.

मग पलीकडच्या दारात लुगड्याचा हिरवा ठिपका आला आणि पाण्यावरून खणखणीत उत्तर आलं.

“ऐकलं! डॉक्टरनं हळू बोला सांगितलंय ना? या, भाकरी टाकलीय!”